इंग्रजी ‘पब’ आणि त्यातील भाषाव्यवहार : हेस्टिंग्ज येथील काही निरीक्षणे

१. प्रास्ताविक

इंग्रजीचे अध्ययन आपल्या विद्यापीठांतून दीड शतकाहून अधिक काळ चालू आहे. परंतु ते मुख्यतः ग्रंथद्वारे चालू आहे. त्यामुळे ग्रंथांत वारंवार भेटणाऱ्या शब्दांचे अर्थ आपणांस कोशावरून कळतात. मात्र ज्या सामाजिक संस्थेच्या आश्रयाने ते शब्द जगतात, ती संस्था बहुधा अपरिचितच राहते. ‘पब’ हा अशा शब्दांपैकी एक होय. मराठीत त्यासाठी आपण ‘मद्यालय’, ‘दारूचे दुकान’ किंवा ‘गुत्ता’ असे पर्याय योजतो आणि अर्थ लागला असे समजून पुढे जातो. हे पर्याय सर्वस्वी चुकीचे नाहीत. पण त्यांनी वस्तूचा बोध होतो, व्यवहाराचा होत नाही. हा व्यवहार काय आहे आणि भाषेच्या अभ्यासकास त्यात लक्ष घालण्यासारखे काय आहे, एवढेच येथे स्पष्ट करावयाचे आहे.

प्रस्तुत लेखकास काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्राच्या निमित्ताने इंग्लंडला जाण्याचा योग आला. चर्चासत्र आटोपल्यावर दक्षिण किनाऱ्यावरील हेस्टिंग्ज या गावी आठवडाभर राहणे घडले. लेखक मद्यपान करीत नाही. तरीही त्या आठवड्यातील प्रत्येक संध्याकाळ गावातील एका जुन्या पबात गेली, आणि वीस वर्षे भाषाशास्त्र शिकविलेल्या माणसास पहिल्याच संध्याकाळी आपल्या ज्ञानाची मर्यादा कळून आली.

हेस्टिंग्जचे नाव आपल्या विद्यार्थ्यांस १०६६ च्या लढाईमुळे ठाऊक असते. प्रत्यक्ष लढाई मात्र तेथून सुमारे सहा मैलांवर, आज ‘बॅटल’ या नावानेच ओळखल्या जाणाऱ्या गावी झाली. जुने हेस्टिंग्ज ईस्ट हिल आणि वेस्ट हिल या दोन टेकड्यांमधील खोलगट भागात वसले आहे. हाय स्ट्रीट आणि ऑल सेंट्स स्ट्रीट हे दोन रस्ते त्यातून समुद्राकडे उतरतात. घराघरांमधून जाणाऱ्या अरुंद बोळांना ससेक्स परगण्याच्या बोलीत ‘ट्विटन’ म्हणतात. किनारा मुख्यतः गोट्यांचा आहे. होड्या लावण्याच्या त्या जागेस ‘स्टेड’ हे नाव असून ते काठ किंवा उतरण्याची जागा या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दापासून आलेले आहे. मच्छीमारांना येथे आडोशाचे बंदर नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाती घेतलेले बंदराचे काम अपुरेच राहिले. म्हणून होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि तेथूनच पाण्यात लोटतात. मागे जाळी ठेवण्याच्या उंच, अरुंद, काळ्या लाकडी खोपी रांगेने उभ्या आहेत. त्यांना ‘नेट शॉप्स’ म्हणतात. त्यांत विक्री काहीही होत नाही. ‘शॉप’ या शब्दाचा खोप, छप्पर हा जुना अर्थ तेवढा त्या नावात टिकून राहिला आहे. जेथे शब्दांचे जुने अर्थ असे उघड्यावर पडलेले दिसतात, त्या गावातील पबाकडे पाहताना आरंभ शब्दांपासूनच करणे सोयीचे ठरेल.

२. ‘पब्लिक’ आणि ‘हाऊस’

‘पब’ हे ‘पब्लिक हाऊस’ या जोडशब्दाचे संक्षिप्त रूप असून ते एकोणिसाव्या शतकात सर्वत्र रूढ झाले. जोडशब्दाची दोन्ही पदे लक्षात घेण्यासारखी आहेत. ‘हाऊस’ हे जुन्या इंग्रजीतील अस्सल जर्मानिक पद. ‘पब्लिक’ हे मूळ लॅटिन, फ्रेंचच्या मार्गाने आलेले. या दोन पदांच्या मध्ये १०६६ हे साल उभे आहे असे म्हणता येईल. पबातील इतर शब्दांचीही अशीच विभागणी होते. ‘एल’, ‘बिअर’, ‘इन’ हे शब्द नॉर्मन विजयापूर्वीचे; ‘टॅव्हर्न’, ‘बार’, ‘पाइंट’ हे फ्रेंचमधून आलेले. पेय बहुतांशी जुन्या रहिवाशांचे, आणि माप व अडसर नव्या राज्यकर्त्यांचे, अशी काहीशी गमतीची स्थिती दिसते. कारण ‘बार’ म्हणजे मूळचा आडवा दांडा, अडसर. तोच पुढे गिऱ्हाईक आणि पेये यांच्यामधील काउंटरचा वाचक झाला, आणि नंतर अर्थविस्ताराने संपूर्ण खोलीचा.

पबाच्या पूर्वी तीन भिन्न संस्था होत्या. ‘इन’ म्हणजे प्रवाशांच्या मुक्कामाची जागा; ‘टॅव्हर्न’ म्हणजे द्राक्षमद्य मिळण्याचे, तुलनेने सुखवस्तूंचे ठिकाण; आणि ‘एलहाऊस’ म्हणजे ज्या साध्या घरात एल तयार करून विकली जाई ते घर. १५५२ च्या कायद्याने एलहाऊस चालविण्यासाठी स्थानिक न्यायाधीशांचा परवाना आवश्यक ठरला. १८३० च्या कायद्याने ठरावीक शुल्क भरणाऱ्या कोणाही करदात्या घरमालकास बिअर विकण्याची मुभा मिळाली आणि अल्पावधीत असंख्य घरांच्या पुढच्या खोल्या पानगृहे बनल्या. ‘पब्लिक हाऊस’ या संज्ञेत या तिन्ही संस्था मिसळून गेल्या. परंतु ‘घर’ ही मूळ कल्पना मात्र सुटली नाही.

ही कल्पना सबंध परिभाषेत पसरलेली दिसते. पब चालविणारा ‘लँडलॉर्ड’ असतो किंवा ‘लँडलेडी’ असते. एखादे पेय फुकट दिले तर ते ‘घरातर्फे’ दिले जाते. आतील लहानशा उबदार खोलीस ‘स्नग’ म्हणतात, आणि आपल्या नेहमीच्या पबाचा उल्लेख केवळ ‘द लोकल’ असा, जणू घरच्याच माणसाविषयी बोलावे तसा, केला जातो. ‘लॉर्ड’ या शब्दाची व्युत्पत्ती येथे उद्बोधक ठरते. जुन्या इंग्रजीत त्याचा घटकार्थ ‘भाकरीचा राखणदार’ असा होता आणि ‘लेडी’ या शब्दाचा ‘भाकरीचे पीठ मळणारी’ असा. आपल्या ‘यजमान’ शब्दाचा प्रवासही स्मरावा : यज्ञ करणारा तो यजमान, आणि पुढे पाहुण्यांचे आतिथ्य करणारा घरधनी तोही यजमान.

या पार्श्वभूमीवर मराठी ‘गुत्ता’ हा शब्द ठेवून पाहावा. गुत्ता म्हणजे मूळचा मक्ता, ठेका. मराठवाड्यात बांधकामाच्या कंत्राटदारास अद्याप गुत्तेदार म्हणतात. दारूविक्रीचा मक्ता सरकार लिलावाने देई, म्हणून मक्त्याचा वाचक शब्द अर्थसंकोचाने त्या दुकानास चिकटला. इंग्रजी संज्ञेने घराचा दरवाजा पाहिला. मराठी संज्ञेने सरकारी तिजोरी पाहिली. एकाच पेयाच्या विक्रीस दोन समाजांनी दिलेली ही दोन नावे त्या त्या समाजाने त्या जागेकडे कोणत्या बाजूने पाहिले ते सांगतात. आपल्या परंपरेत दुसरी दृष्टी अगदीच नव्हती असे मात्र नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे कर्तव्य सांगताना पानगृहात अनेक दालने, निजण्या-बसण्याची वेगवेगळी सोय, फुले, सुगंध आणि पाणी असावे असे म्हटले आहे. परंतु ती व्यवस्था राजाच्या अधिकाऱ्याने केलेली. घरधन्याने केलेली नव्हे.

३. पाटी आणि दालने

पबाच्या दारावरील चित्रमय पाटी ही केवळ शोभा नव्हे. दुसऱ्या रिचर्डच्या कारकिर्दीत, १३९३ मध्ये, एल विकणाऱ्याने घराबाहेर खूण लावलीच पाहिजे असा दंडक होता. बहुसंख्य लोक निरक्षर असल्याने खूण वाचण्याची नसून ओळखण्याची असे. म्हणूनच पबांची नावे चित्रात काढता येतील अशी असतात : तांबडा सिंह, मुकुट, घंटा, नांगर. ‘व्हाइट हार्ट’ हा पांढरा नर हरिण खुद्द दुसऱ्या रिचर्डचे राजचिन्ह होता. ‘रॉयल ओक’ हे नाव १६५१ मध्ये वुस्टरच्या पराभवानंतर दुसरा चार्ल्स ज्या ओक वृक्षात लपून बसला त्याचे स्मारक आहे. आपल्या १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत पक्षांना चिन्हे देण्यामागे जे तत्त्व होते, तेच येथे सहा शतकांपूर्वी दिसते.

आतील रचना हा भाषेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा विषय आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळात पबाचा अंतर्भाग पडद्यांनी व फळ्यांनी विभागला गेला. ‘पब्लिक बार’ हा कष्टकऱ्यांचा; तेथे साधी बाके आणि उघडी जमीन. ‘सलून बार’ हा प्रतिष्ठितांचा. तेथे गालिचा, गादीच्या खुर्च्या, आणि त्याच बिअरला थोडा अधिक दर. दोन्हींची दारे निराळी, बोलण्याची रीतही निराळी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे अंतर्गत पडदे बहुतेक ठिकाणी काढून टाकण्यात आले. मी जात असे त्या पबात रस्त्यावरून आत येणारी दोन दारे अद्याप आहेत. परंतु दोन्ही एकाच खोलीत उघडतात. गंमत अशी की, मधली भिंत गेली तरी मच्छीमार आणि गवंडी-सुतार डाव्या दारानेच येत व त्याच बाजूस उभे राहत. निवृत्त शिक्षक, वकील व माझ्यासारखे पाहुणे उजव्या बाजूस बसत. भिंत पाडणे सोपे असते. पावलांची सवय मोडणे कठीण असते.

४. काउंटरपाशी

पहिल्या संध्याकाळी मी आत गेलो आणि मुंबईच्या इराण्याच्या हॉटेलात बसावे तसा एका टेबलापाशी जाऊन बसलो. पाव तास झाला तरी कोणी विचारावयास आले नाही. हा अपमान नव्हता. पबात पेय मागावयास स्वतः काउंटरपाशी जावे लागते, कारण घरच्या पाहुण्याने यजमानाला सामोरे जावयाचे असते. हा नियम कोठेही लिहिलेला नसतो.

उठून काउंटरपाशी गेलो तर तेथे रांग नव्हती. एरवी दोन माणसे जमली तरी रांग लावणारा हा समाज येथे मात्र काउंटरच्या लांबीभर विखरून उभा होता. मी हात वर करून ‘एक्स्क्यूज मी, मॅडम’ अशी व्याकरणशुद्ध हाक दिली. दोन-तीन माने वळल्या आणि पुन्हा पूर्ववत झाल्या. लँडलेडी शांतपणे म्हणाली, ‘बी विथ यू इन अ मिनिट, लव’. थोड्या वेळाने तिने सर्वांवरून नजर फिरवून पुढे कोण असे विचारले. तेव्हा एक उंच मच्छीमार माझ्याकडे बोट करून म्हणाला, ‘आय थिंक धिस जेंटलमन वॉज बिफोर मी’. मला रांग दिसत नव्हती. परंतु त्या न दिसणाऱ्या रांगेत माझी जागा इतरांनी राखून ठेवली होती. केट फॉक्स यांनी ‘वॉचिंग द इंग्लिश’ या २००४ च्या ग्रंथात या अदृश्य रांगेचे उत्तम विवेचन केले आहे. ही रांग जमिनीवर नसते. ती उपस्थितांच्या स्मरणात असते. आपली पाळी आली हे दर्शविण्यासाठी नजर पुरते; हाक मारणे, नोटा हलविणे वा काउंटरवर टकटक करणे हा असभ्यपणा होय.

येथे दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, शिष्टाचाराचे व्याकरण आणि वाक्याचे व्याकरण या भिन्न वस्तू आहेत. माझे वाक्य निर्दोष होते आणि वर्तन सदोष होते. दुसरी गोष्ट संबोधनाची. ब्राउन आणि गिलमन यांनी १९६० मध्ये दाखवून दिले की, युरोपीय भाषांतील मध्यमपुरुषी सर्वनामांची निवड सत्ता आणि सलगी या दोन अक्षांवर होते. मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ यांनी हेच कार्य होते. प्रमाण इंग्रजीने ‘दाऊ’ गमावल्यामुळे सर्वनामाकडे हे काम उरले नाही. ते ‘लव’, ‘डिअर’, ‘मेट’ यांसारख्या संबोधनांवर येऊन पडले. जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ मध्ये लिहिलेल्या ‘द मून अंडर वॉटर’ या लेखात आदर्श पबाची लक्षणे सांगताना बारमागील स्त्रियांनी गिऱ्हाइकांस ‘डिअर’ म्हणावे, ‘डकी’ म्हणू नये, असा सूक्ष्म भेद केला आहे तो याचमुळे.

आपल्याकडे अनोळखी माणसास ‘काका’, ‘मावशी’, ‘दादा’ म्हणतात; म्हणजे परक्यास नात्यात ओढले जाते आणि नात्याबरोबर वयाचा मान व थोडे दायित्वही येते. इंग्रजी ‘लव’मध्ये जिव्हाळ्याचा शब्द आहे, पण नाते नाही, दार ओलांडले की तो संपतो. ज्या समाजात घर हे अत्यंत खाजगी मानले जाते, त्या समाजाने ‘सार्वजनिक घरा’साठी अशी तात्पुरत्या जिव्हाळ्याची संबोधने राखावीत, हे सुसंगतच म्हटले पाहिजे.

५. फेरी

पबातील दुसरा अलिखित नियम ‘राउंड’चा, म्हणजे फेरीचा. चार माणसे एकत्र आली तर प्रत्येकजण आपापले पेय घेत नाही. एकजण चौघांसाठी घेतो, पुढल्या वेळी दुसरा. हिशेब कोणी मांडत नाही, पण प्रत्येकास तो पाठ असतो. बोल्टन येथे १९३७ पासून केलेल्या पाहणीवर आधारलेला ‘द पब अँड द पीपल’ हा मास-ऑब्झर्वेशन या संस्थेचा ग्रंथ १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला. एका कंपूतील माणसांचे पेले जवळजवळ एकाच वेगाने रिकामे होतात, असे त्यात नोंदविले आहे. म्हणजे येथे पिण्याचा वेग तहान ठरवीत नाही, संगत ठरविते.

मार्सेल मॉस यांनी दानावरील आपल्या १९२५ च्या प्रसिद्ध निबंधात देणे, घेणे आणि परत देणे ही तीन बंधने सांगितली आहेत. फेरी हे त्याचे नित्याच्या व्यवहारातील उदाहरण होय. तिचे बळ किती आहे हे राज्यकर्त्यांनीही ओळखले होते. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, ब्रिटिश सरकारने दुसऱ्याच्या खर्चाने मद्य देण्या-घेण्यास मनाई करणारा हुकूम काढला. मद्यपान थांबविण्यासाठी प्रथम दातृत्व थांबविले पाहिजे, हे त्यामागील निदान अचूक होते.

मद्य न पिणाऱ्याची या चक्रात काय गत होते, हा प्रश्न आपल्या वाचकांच्या मनात साहजिकच येईल. मी जिंजर बिअर मागत असे. नावात ‘बिअर’ असले तरी तेथे त्या नावाने मिळते ते आल्याचे, मद्यविरहित पेय. त्यावरून कोणी भुवई उंचावली नाही. मात्र तिसऱ्या संध्याकाळी शेजारच्या गृहस्थांनी माझे पेय आपल्या फेरीत आणून दिले आणि मी आभार मानून तसाच बसून राहिलो, तेव्हा क्षणभर एक अवघडलेपण जाणवले. पुढली फेरी माझी होती. पेल्यात काय आहे हे गौण; पाळी चुकविणे हा खरा अपराध होता.

६. ‘वारा वाढतोय’

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. त्याच संध्याकाळी एक वृद्ध मच्छीमार माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि खिडकीकडे पाहत म्हणाला, ‘बिट ऑफ अ ब्लो कमिंग’. वारा जरा वाढणारसे दिसते, इतकाच त्याचा अर्थ. मी सकाळी वाचलेला हवामानाचा अंदाज वाऱ्याच्या वेगासह सांगितला. त्याने मान हलविली आणि संभाषण तेथेच संपले. थोड्या वेळाने त्याने हेच वाक्य दुसऱ्या एका गिऱ्हाइकास ऐकविले. तो निवृत्त शिक्षक म्हणाला, ‘लुक्स लाइक इट’. तसेच दिसते खरे. त्यानंतर दोघे अर्धा तास बोलत उभे होते.

मालिनोव्स्की यांनी १९२३ मध्ये, ऑग्डेन व रिचर्ड्स यांच्या ‘द मीनिंग ऑफ मीनिंग’ या ग्रंथास जोडलेल्या निबंधात, माहिती देण्यासाठी नव्हे तर केवळ संबंध जुळविण्यासाठी होणाऱ्या बोलण्यास एक स्वतंत्र संज्ञा दिली. तिला आपण ‘संपर्कभाषण’ म्हणू. मी संपर्कभाषणास माहितीने उत्तर दिले आणि संपर्क तोडला. येथवरचे विश्लेषण पाठ्यपुस्तकातील आहे; कोणताही विद्यार्थी ते करू शकेल.

परंतु घटना येथे संपत नाही. घंटा वाजवून शेवटच्या मागणीची सूचना देण्यापूर्वी तोच वृद्ध डाव्या बाजूस गेला आणि तेथील दोघा तरुण मच्छीमारांस जवळजवळ त्याच स्वरात तेच वाक्य म्हणाला. त्यांनी एकमेकांकडे पाहिले. एकाने पेला अर्धाच ठेवला. दुसऱ्याने कोणाला तरी दूरध्वनी केला. दुसऱ्या दिवशी पहाटे मी स्टेडवर गेलो तेव्हा होड्या गोट्यांवरच होत्या. एकही पाण्यात लोटलेली नव्हती. जेथे बंदराचा आडोसा नाही तेथे वाऱ्याविषयीचे वाक्य हा दुसऱ्या दिवसाच्या उत्पन्नाचा आणि प्रसंगी जिवाचा प्रश्न असतो.

एकच वाक्य, एकच वक्ता, एकच खोली, एकच संध्याकाळ. उजव्या बाजूस ते संपर्कभाषण होते. डाव्या बाजूस ते कृतीस प्रवृत्त करणारे विधान होते. शब्दांत फरक नव्हता, स्वरातही फारसा नव्हता. फरक होता तो ऐकणारा कोण आणि तो कोणत्या बाजूस उभा आहे यात. मालिनोव्स्की यांनी कृतीत गुंतलेल्या भाषेचे उदाहरण म्हणून त्याच निबंधात ट्रोब्रिआंड बेटांवरील मासेमारीचेच वर्णन केले आहे, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण वाटतो. त्यांच्या विवेचनात मासेमारीची भाषा आणि गप्पांची भाषा ही दोन वेगळ्या प्रसंगांची उदाहरणे आहेत. पबात मात्र ती दोन्ही एका वाक्यात नांदतात, आणि नेहमीच्या माणसाला त्यांचा भेद न सांगता कळतो. पब या संस्थेचे भाषिक वैशिष्ट्य माझ्या मते हेच आहे. भिन्न व्यवसायांची आणि भिन्न थरांची माणसे एकाच छपराखाली येऊन तेच शब्द भिन्न वजनांनी वापरतात आणि एकमेकांचे वजन ऐकून ओळखावयास शिकतात. मास-ऑब्झर्वेशनच्या निरीक्षकांनीही म्हटले होते की, इतर सार्वजनिक जागी माणूस प्रेक्षक असतो, पबात तो सहभागी असतो.

७. दुसरी बाजू आणि ऱ्हास

या विवेचनाने पबाचे उदात्तीकरण करण्याचा हेतू नाही. रॉबर्ट ट्रेसेल हा रंगारी-लेखक हेस्टिंग्ज येथेच काम करीत होता. त्याच्या मृत्यूनंतर, १९१४ मध्ये, प्रसिद्ध झालेली ‘द रॅगेड ट्राउझर्ड फिलान्थ्रॉपिस्ट्स’ ही कादंबरी याच गावावर आधारलेली आहे. तीत मजुरांची तुटपुंजी मजुरी पबात कशी जिरते याचे कठोर चित्र आहे. व्यसनाने घरे उद्ध्वस्त होतात, ती तेथेही होतात आणि येथेही. शिवाय ही ‘सार्वजनिक’ घरे दीर्घकाळ पुरुषांचीच होती. एकट्या स्त्रीस तेथे निःसंकोच बसता येऊ लागले त्यास फार काळ लोटलेला नाही.

तथापि ही संस्था झपाट्याने कमी होत आहे, हेही सत्य आहे. २००० साली ब्रिटनमध्ये सुमारे साठ हजार पब होते. अलीकडे ही संख्या पंचेचाळीस हजारांच्या आसपास आली आहे. दुकानांतून मिळणारी स्वस्त बिअर, करांचा बोजा, किनाऱ्यावरील घरांच्या वाढलेल्या किमती, २००७ मध्ये इंग्लंडात लागू झालेला धूम्रपानबंदीचा कायदा, आणि मार्च २०२० मध्ये महामारीमुळे सक्तीने बंद झालेली दारे, ही त्याची काही कारणे. ग्रामस्थांनी एकत्र येऊन पब वाचवावा यासाठी २०११ च्या कायद्याने थोडी सोय झाली आहे, आणि काही ठिकाणी तिचा उपयोगही झाला आहे.

बिअर नाहीशी होणार नाही. ती घरी नेऊन पिता येते. ‘बिट ऑफ अ ब्लो कमिंग’ हे वाक्यही नाहीसे होणार नाही. ते ध्वनिमुद्रणांत आणि संग्रहांत राहील. नाहीशी होईल ती दोन दारांची एक खोली, जिच्यात हे वाक्य दोन अर्थांनी ऐकू येत होते. ऑर्टन आणि डीथ यांनी आखलेल्या इंग्रजी बोलींच्या सर्वेक्षणाने १९५० ते १९६१ या काळात ३१३ ठिकाणची शब्दसंपदा व उच्चार नोंदवून ठेवले, ही अमोल कामगिरी होय. परंतु कोण कोठे उभा राहून कोणास काय म्हणाला, हे प्रश्नावलीत मावत नाही.

८. तात्पर्य

हा विचार आपल्या कार्याशी निगडित आहे. मराठी बोलींच्या अभ्यासात आपण शब्द गोळा केले, उच्चार नोंदविले, नकाशेही काढले. परंतु गावाचा पार, चावडी, पाणवठा, कोळीवाड्यातील जाळी विणण्याची जागा, शहरातील इराण्याचे हॉटेल, या ठिकाणी भाषा कशी वावरते याची पद्धतशीर नोंद आपल्यापाशी फार थोडी आहे. नळ आले आणि पाणवठा गेला. पाणवठ्यावरचे शब्द आपल्या कोशांत आहेत. तेथील संभाषण कोठेही नाही.

म्हणून बोलीभाषेवर प्रबंध लिहिणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी शब्दसूचीबरोबर जागेचा आराखडाही काढावा, ही सूचना. कोण कोठे बसतो, कोण प्रथम बोलतो, कोणत्या वाक्याला उत्तर अपेक्षित असते आणि कोणत्या वाक्याला केवळ दुजोरा, हे त्या आराखड्यावर टिपून ठेवावे. हे काम करण्यासाठी हेस्टिंग्जला जाण्याचे कारण नाही. मात्र ज्या ठिकाणी जाल तेथे पहिले काही दिवस माहिती देण्याचा मोह आवरावा आणि कोणी ‘वारा वाढतोय’ म्हणाले, तर ‘तसेच दिसते खरे’ असे म्हणून ऐकत उभे राहावे.